चिंचोक्यांचा डबा

मास्तर, काल मी नातीवर ओरडले. तिच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ आहे. बाईसाहेब सोफ्यावर लोळत सिनेमा बघत होत्या, नुसता हात हलवत होत्या, आणि घड्याळात पावलं वाढत होती. "आजी, बघ, बसल्या बसल्या दहा हजार!" म्हणून ती हसली, आणि मी अशी काही ओरडले की स्वयंपाकघरातून सून धावत आली. पोर रडवेली झाली. खरं तर मला तिचा राग आलाच नव्हता. तिचा तो हलणारा हात बघून मला माझा हात आठवला आणि नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या तलावाकाठचा तुमचा डबा आठवला. तुम्हाला जाऊन पस्तीसेक वर्षं झाली असतील. हे तुम्ही असतानाच सांगायला हवं होतं.

तुम्ही शाळेतले मास्तर नव्हतात. गिरणीत रातपाळी करायचात आणि सकाळी फाटकाबाहेर पडलात की घरी न जाता सायकल तलावाकडे वळवायचात. केसांत कापूस तसाच असायचा. आम्ही सात-आठ मुली थंडीत कुडकुडत उभ्या असायचो. तुम्ही कडुनिंबाखाली पोतं अंथरायचात, दुधाच्या भुकटीचे रिकामे डबे ओळीनं मांडायचात, प्रत्येकीचा एक, आणि शेजारी चिंचोक्यांचा ढीग. तलावाची एक फेरी झाली की एक चिंचोका आपल्या डब्यात टाकायचा. मग तुम्ही आडवे व्हायचात, कारण रात्रभर मागावर उभं राहिलेल्या माणसाला दुसरं काही शक्यच नव्हतं. उठलात की डबे मोजायचात. "झोपलो तरी मले आवाज येते, बाप्पा," असं तुम्ही म्हणायचात, आणि पहिले काही महिने मला ते खरंच वाटलं. स्टॉपवॉच तुमच्याकडे नव्हतं. तुमचा हिशेब साधा होता: "जिच्या डब्यात चिंचोके जास्त, तिच्या पायात दम जास्त."

आणीबाणीच्या आधीचा तो हिवाळा. मी नुकतीच कॉलेजात गेले होते. तुमचे नियम तुम्हाला आठवतच असतील: तळलेलं बंद, सिनेमा बंद, लग्नाच्या पंगतीत जायचं पण जेवायचं घरी येऊन, आणि नऊ वाजता अंथरुणात. शाळेत होते तोवर हे जमलं. कॉलेजात मात्र माझी ओळखच "ती पळणारी" अशी झाली, आणि पळणारीला कुणी कुठं बोलवत नाही. स्नेहसंमेलनाच्या नाटकाची तालीम व्हायची, सहली ठरायच्या, आणि मला ते दुसऱ्या दिवशी कळायचं. मग एकदा तलावाच्या पलीकडच्या काठाला, तुमच्या झाडाखालून दिसत नाही त्या वळणावर, माझ्या वर्गातल्या मुली भेटल्या. तिथं तर्रीपोह्यांची गाडी लागायची. "काहून वं, मिलिटरीत भरती होऊन राहिली का तू?" एकीनं हाक मारली. "ये, बस ना दोन मिनिट!" बाकावर सरकून त्यांनी जागा केली. मी बसले. माझ्यासाठी कुणी जागा केली, याचंच मला केवढं अप्रूप वाटलं होतं! पोह्यांवर ओतलेली ती लाल तर्री अजून जिभेवर आहे.

दोन मिनिटांची वीस झाली आणि एका दिवसाचे सगळेच दिवस झाले. दोन फेऱ्या खऱ्या मारायच्या, मग बाकावर. परतताना तोंडावर पाणी मारायचं, कारण झोपेतून उठलेल्या माणसाला पाणी आणि घाम सारखाच दिसतो. तुम्ही घोरत असायचात. मी वाकून सहा-सात चिंचोके मुठीत घ्यायचे आणि डब्याच्या कडेनं एकेक करून अलगद सोडायचे, आवाज न होऊ देता. एवढी हातसफाई मी पळण्यात दाखवली असती तर! मास्तर, मला पळायचं नव्हतं असं नाही. मला जिल्ह्याच्या संघाची जर्सीही हवी होती आणि त्या बाकावरची जागाही हवी होती. दोन्ही मिळत होतं, म्हणून मी थांबले नाही.

एकजण बघत होती. ती लांब पायांची, तुमच्याच गिरणीतल्या कामगाराची मुलगी. ती अनवाणी पळायची आणि तिच्या फेरीची वाट त्या गाडीसमोरूनच जायची. रोज पाच-सहा वेळा ती मला बाकावर बसलेली बघायची आणि मान न वळवता पुढं जायची. एकदा मी घाबरून तिला वाटेत गाठलं आणि विचारलं, "मास्तरांना सांगशील का?" ती धापा टाकत होती. म्हणाली, "मी तं माह्याच फेऱ्या मोजतो वं. तुह्या कायले मोजू?" आणि गेली. मी त्याचा अर्थ सोयीचा लावला.

संघात आपल्या गटातून एकच मुलगी घ्यायची होती. आम्ही दोघी सोबत पळालो तर कधी ती पुढं, कधी मी. तुम्ही दोन्ही डबे पोत्यावर ओतलेत. माझा ढीग मोठा होता. तिच्या खांद्यावर हात ठेवून तुम्ही म्हणालात, "पुढच्या साली तू." तिनं मान डोलावली. आणि जिची निवड होईल तिच्यासाठी आणून ठेवलेला पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांचा जोड तुम्ही माझ्या हातात दिलात. मला ते बूट अगदी बरोबर बसले.

राज्य स्पर्धेत काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. तिसऱ्या फेरीला माझे पाय जड झाले, छातीत कळ आली, आणि मी मैदानाच्या आत जाऊन बसले. बाकीच्या मुली माझ्या बाजूनं जाताहेत. तुम्ही कठड्यावरून उडी मारून येता. मला वाटतं, आता कळलं, आता सगळं संपलं. तुम्ही माझ्यासमोर उकिडवे बसता, माझ्या बुटांच्या नाड्या सोडता, आणि म्हणता, "चूक तुही नाही वं पोरी, माही हाय. लय पळवलं म्या तुले. लेकराचा जीव तो, म्या बैलावानी जुंपलं." तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि मास्तर, मला त्या वेळी वाईट वाटलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.

नागपूरला परतल्यावर तुम्ही सगळ्यांच्या फेऱ्या निम्म्या केल्यात. त्या लांब पायांच्या पोरीच्यासुद्धा. ती आणखी पळू द्या म्हणून मागं लागली, तर तुम्ही हात जोडलेत, "नको बाई, एकीचं वाटोळं केलं तेवढं पुरे." चार फेऱ्यांवर कुणाचा दम वाढतो? पुढच्या वर्षी संघात दुसऱ्याच गटातली मुलगी गेली. मग त्या अनवाणी पळणारीचं लग्न ठरलं, आणि तुम्ही डबे पोत्यात बांधून घरी नेलेत. लोक विचारायचे तेव्हा तुम्ही सांगायचात, "आपल्याले पोरी पळवता येत नाही." तुमच्या तेराव्याला हे वाक्य मी दोन माणसांच्या तोंडून ऐकलं. पानावर वाढलेलं तसंच ठेवून उठले.

तुम्हाला पळवता येत होतं. उत्तम येत होतं. हे आज मी शाईनं लिहिते आहे, पण आता हे वाचायला हवं ते तिनं. ती अजून सक्करदऱ्यातच राहते. मागच्या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन मी तिच्या फाटकापर्यंत गेले होते. ती अंगणात पाठमोरी झाडत होती, अजूनही अनवाणी. मी डबा तसाच घेऊन परत आले.

म्हणून तुम्हाला लिहिलं, मास्तर. तुम्ही काही उठून डबे मोजणार नाही.