आबांच्या बेताचा वारा

६ एप्रिल
कंपनीच्या भंगारातून कॉम्प्युटरचा पंखा आणला. बारा व्होल्ट. घरचा सीलिंग फॅन पत्र्याखालची झळच खाली फेकतो, आबांना ढास लागते. त्यांना मंद वारा हवा. रविवारी नलिनी त्यांना मारुंजीला न्यायला येतेय. तिच्याकडे स्लॅब आहे म्हणे. मुलगा असताना वडील मुलीकडे? पंखा उद्या संध्याकाळी चालू.

७ एप्रिल
पंख्याला तीन वायरी. लाल, काळी, पिवळी. पिवळी अर्थात स्पीडची. अकरा वर्षं स्टोअरमध्ये काढलीत, एवढं कळतं. हेमलता म्हणाली, तुम्ही तिथं वायरी देता, जोडत नाही. बायकोशी वाद घालायचा नाही, असा संकल्प केला.
आबा म्हणाले, "परद्या, पंखा ऱ्हाऊ दे. जरा हितं बस." म्हटलं, उद्या.

८ एप्रिल
बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर पंखा फिरला! फुल स्पीड. आबा खोकून बेजार. पिवळी जोडून फरक शून्य. शेजारचा किशोर म्हणाला, ती वायर पंख्याचा वेग कॉम्प्युटरला कळवते, बदलत न्हाई. मग इतकी लांब कशाला दिली? चूक बनवणाऱ्याची.

९ एप्रिल
सीलिंग फॅनचा रेग्युलेटर अडॅप्टरच्या अलीकडे लावला. पाचवर, चारवर, तीनवर वेग तोच. एकवर अडॅप्टर गुणगुणला आणि गेला. किशोर म्हणाला, "आरं, तू मागं काय बी फिरव, अडॅप्टर बाराच देनार." हसला. अडॅप्टर जुनाच होता.

१० एप्रिल, सकाळी
नवा अडॅप्टर आणला. आबांच्या रेडिओचं व्हॉल्यूमचं बटण काढून मध्ये जोडलं. आवाज कमी होतो, तर वारा का नाही?

सायंकाळी
धूर. आबांनी विचारलं, रेडू कुटं हाय. म्हटलं, सुधारतोय.

११ एप्रिल
किशोरचा सल्ला: पाच व्होल्टचा मोबाइल चार्जर लाव, आपोआप हळू फिरंल. मोबाइल चार्जर! मग कंट्रोल कुठे राहिला? ऐकलं नाही.
दुपारभर हेमलता कॅलेंडरच्या पुठ्ठ्याने वारा घालत बसली. आबा झोपले. अशाने त्यांना सवय लागेल, असं तिला बजावलं. ती वारा घालतच राहिली. आबा उठल्यावर पुन्हा "हितं बस" म्हणाले. हातात सोल्डर होतं.

१२ एप्रिल, रविवार
नलिनी दहालाच आली. पाच मिनिटं थांब म्हटलं. ती म्हणाली, "दादा, आठ दिस आबा तुझी पाठच बघत्यात." नलिनीला पहिल्यापासून वाढवून सांगायची सवय. आबा काठी घेऊन उठलेच. मी गाडीपर्यंत गेलो. आबा म्हणाले, "ऊन हाय, आत जा."

दुपारी कुणी नसताना चार्जर लावला. मंद, एकसारखा वारा. आबांच्या कॉटवर अर्धा तास बसून खात्री केली. अजिबात ढास लागली नसती.
पंखा न्यायचं आबांच्या लक्षात राहिलं नसेल. पुठ्ठा तेवढा आठवणीने मागून नेला.