पुढच्याने ठोकायचं

मिलवॉकी
रविवार, १९ जानेवारी २०१४

प्रिय फ्लोरियन,

तू खुशाल असशील. ॲरिझोनात राहून खुशाल नसायला तुला काय धाड भरलीय म्हणा! इथे नाकातलं पाणी गोठतंय आणि तू अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात फिरत असशील. नाताळात तुझी संत्र्यांची पेटी पोचली. दरवर्षीप्रमाणे तुझ्या दादाने, कॅझने, ती शेजारच्या म्हातारीला देऊन टाकायला काढली आणि दरवर्षीप्रमाणे मी अर्धी आधीच काढून ठेवली होती. गोड होती. आठ वर्षं झाली तुम्हा दोघांच्या अबोल्याला. "बर्फ सोडून वाळूत गेलेला माणूस माझा भाऊ नाही," हे वाक्य त्याचं त्याला तरी आता आठवतं की नाही कोण जाणे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसलं आहे हे.

यंदा बंदर लवकर गोठलं. होन पुलाखालपासून थेट होड्यांच्या धक्क्यापर्यंत पांढरं. बर्फावर मासे धरणाऱ्यांचे तंबूही बरेच लागलेत. मोठ्या ट्राउट मासळ्या आत शिरल्यात असं सगळे म्हणतात. नेंगने परवा एक काढली, ती त्याने माझ्यासमोर धरली तर त्याच्या गुडघ्याच्या खाली शेपटी! नेंग वांग तुला आठवत नसेल, तू गेल्यावर आला तो. लाओसकडचा ह्मोंग आहे, बायको-पोरं उत्तरेच्या बाजूला राहतात. मला काकू म्हणतो. माणूस चांगला, पण बडबड्या इतका की मासे कंटाळून वर येत असावेत.

तुला नवल वाटेल, पण मीही जाते हल्ली बर्फावर. हो, मीच. लग्नानंतर इतकी वर्षं "तुम्ही दोघे वेडे आहात, मी चुलीपाशी बरी" म्हणणारी. डॉक्टरांनी कॅझला एकट्याने जायची मनाई केलीय. बाकी काही विशेष नाही. वय झालं, थोडं विसरायला होतं. मोटारीच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. तो बर्फाला भोक पाडतो, मासा लागला की वर उठणारा झेंडा लावतो, आणि मी बादलीवर बसून शेगडीवर हात शेकते. बोटांना संवेदना राहत नाही. रात्री पाय चेपत बसते.

आमिषाच्या, माशाच्या अंड्यांच्या पुरचुंड्या मात्र तो अजून झकास बांधतो. गुलाबी जाळीचा तुकडा, चिमूटभर अंडी, दोऱ्याचे चार वेढे, गाठ. हात विसरत नाहीत. फक्त खूप बांधतो. दोन माणसांना पुरतील इतक्या.

एक विचारायचं होतं. तुम्ही दोघे जायचात तेव्हा पुढे तूच असायचास ना? सहज विचारते.

मुद्दाम यायलाच हवं असं काही नाही. विमानं महाग असतात या दिवसांत. गुडघ्याची काळजी घे.

तुझी वहिनी,
जीना


मिलवॉकी
सोमवार, १७ फेब्रुवारी

फ्लोरियन,

तुझं पत्र मिळालं. पाच ओळींचं. "वहिनी, त्याचं गिरमिट लपव, म्हणजे जायचा प्रश्नच मिटला."

शाबास रे शाबास! इतकी अक्कल मला नव्हती असं वाटलं का तुला? गिरमिट मी लपवलं होतं, जानेवारीतच. तळघरात, जुन्या गाद्यांच्या मागे. मी अंघोळीला गेले, तर हा बस पकडून बंदरावर. गिरमिट नाही, झेंडा नाही, काही नाही. नुसता बर्फावर जाऊन बसला बादलीवर, भोकाशिवाय. नेंगने फोन केला. मी गेले तर कॅझ म्हणाला, "आज मासे लागत नाहीत." मी शेजारी बसले. मग गिरमिट गादीमागून काढून परत गॅरेजमध्ये ठेवलं. निदान भोक पाडत असेल तर एका जागी तरी राहतो.

घरी राहिला की खिडकीशी बसतो. जेवत नाही. नावडतं म्हणून नव्हे, समोर ठेवलंय तेच विसरतो. बर्फावर मात्र सॉसेज आणि काळा पाव दोन्ही हातांनी खातो. मग सांग, कुठे ठेवू त्याला?

मागच्या पत्रात मी काही गोष्टी गाळल्या. तुला वाटलं असेल म्हातारी गप्पा मारतेय. आता सांगते, कारण शनिवारी जे झालं त्यानंतर गप्प बसायचं त्राण नाही.

शनिवारी आम्ही तिघे निघालो. मी, कॅझ, आणि थोडा मागे नेंग. होड्यांच्या धक्क्याखाली आता हवेचे बुडबुडे सोडणारी यंत्रं बसवलीत, लाकडांना बर्फाने धक्का लागू नये म्हणून. त्यांच्याभोवती बर्फ दिसायला बाकीच्यासारखाच, पण खाली पातळ. सगळ्यांना ठाऊक आहे. कॅझलाही होतं. पण तो सरळ तिकडेच निघाला. तुमच्या वेळी तिथे चांगली जागा होती ना? तिसऱ्या धक्क्याच्या कोपऱ्यात? तीच.

आणि पहार खांद्यावर. फ्लोरियन, पहार खांद्यावर! एकदाही ठोकली नाही त्याने. मी बर्फातली अडाणी, पण एवढं मलाही कळतं की पहार मारून बर्फ अजमावल्याशिवाय पाऊल टाकायचं नसतं. ओरडले मी. नेंग ओरडला, "काका, थांबा! काका!" तो थांबेना. मग एक भद्द आवाज आला आणि त्याचा एक पाय मांडीपर्यंत आत. नेंग पोटावर आडवा झाला, सरपटत गेला, कोटाची कॉलर धरून ओढलं त्याला. मी तिथे उभी होते. मला हलता आलं नाही.

गाडीत त्याची विजार काढली, घोंगडीत गुंडाळलं. त्याचे दात वाजत होते. मी म्हणाले, "अरे मेल्या, ठोकलं का नाहीस?"

तो माझ्याकडे बघत राहिला, जसं काही मीच खुळ्यासारखं विचारतेय. म्हणाला, "फ्लोरियन पुढे आहे ना. तो ठोकतोय."

मी घोंगडी त्याच्या पायांवर घट्ट ओढली, तर तो पुढे म्हणाला,

"तुला ऐकू नाही आलं? मला येत होतं."

आता कळलं ना, मी तुला तो प्रश्न सहज का विचारला ते? महिनाभर चाललंय हे. दुसऱ्या पुरचुंड्या तुझ्या. कॉफीचा थर्मास तुझ्याकडे दे म्हणतो. तुमच्या बाबांचा नियम मला त्याच्याच तोंडून पाठ झालाय: हलक्याने पुढे चालायचं, जड माणसाने मागे, पुढच्याने ठोकायचं, मागच्याने ऐकायचं. तू गेल्यावर आठ वर्षं तो एकटा ठोकत होता. चिडून चिडून ठोकायचा. आता ती आठ वर्षंच पुसली गेली त्याच्या डोक्यातून. तो पुन्हा मागचा झालाय. आणि पुढे कोणी नाही.

डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलंय. मला लिहायचं नाही. तुला कळलं असेल.

तू म्हणतोस, "त्याने मला हाकललं, मी कशाला येऊ?" हाकललं होतं खरं. मी होते तिथे. पण ज्याने हाकललं तो माणूस आता घरात नाही रे. जो आहे तो रोज तुझी वाट बघतो, आणि त्याला वाटतं तू आलेलाच आहेस. तुझ्यावर रागवायलासुद्धा आता घरात मीच उरले.

रागाने लिहिलं. थकले आहे, म्हणून. बाकी राग नाही.

जीना


मिलवॉकी
रविवार, २३ फेब्रुवारी

प्रिय फ्लोरियन,

परवा फोनवर तू "बघतो" म्हणालास. बघ. गुडघा दुखतो हे मला माहीत आहे. माझेही दोन आहेत.

बर्फ अजून जाड आहे. यंदा काही जायचं नाव घेत नाही. इथे सगळे म्हणतात असा हिवाळा बऱ्याच वर्षांत झाला नाही. मी रोज सकाळी खिडकीतून बघते की कुठे ओलं दिसतंय का. देवाची शपथ, आयुष्यात पहिल्यांदा मी उन्हाळ्यासाठी नवस बोलले. आणि तरीही जोवर बर्फ आहे तोवर त्याला थांबवता येत नाही, म्हणून काल काय केलं ते ऐक.

तुझा जुना नारिंगी कोट गॅरेजमध्ये होता. तू नेला नाहीस. वाळूत काय करणार होतास त्याचं? मी तो घातला. टोपी डोळ्यांपर्यंत ओढली. नेंगने मला पहार धरायला शिकवलं. आधी पुढे मारायची, मग आवाज ऐकायचा, मग पाऊल. टण् वाजलं तर चल, भद् वाजलं तर जागीच थांब. मनगटं अजून सुजलीत. कॅझच्या आणि माझ्या कमरेला दोर बांधला. नेंग हसत होता. "काकू, तुम्ही बुडालात तर काका पण येणार मागनं." मी म्हटलं, "लग्नात तेच कबूल केलं होतं."

मी पुढे, तो मागे. ठोकत चालले.

थोडं गेल्यावर मागून म्हणाला, "फ्लोरियन, जरा डावीकडे घे."

मी वळून म्हणाले, "अरे, मी जीना."

तो थांबला. चेहरा असा झाला की काय सांगू. घाबरला रे. पुढे कोण आहे ते न कळणाऱ्या माणसासारखा घाबरला. मग मी पुन्हा तसं म्हटलं नाही. डावीकडे घेतलं.

धक्क्यापासून लांब, बर्फ जाड होता त्या बाजूला नेलं त्याला. भोकं त्यानेच पाडली, झाऱ्याने बर्फाचा चुरा काढला, झेंडे लावले. बसलो. शेगडी. मी बोलले नाही, आवाजाने कळेल म्हणून. तुम्ही दोघे तिथे काय बोलायचात रे दिवसभर? मला नेहमी वाटायचं बायकांच्या चुगल्या करत असाल.

दुपारी नेंग ओरडला, "झेंडा! काका, झेंडा!" कॅझ उठला तो विशीतल्या पोरासारखा. गळाची दोरी हातांनी ओढत राहिला, सोडत राहिला, ओढत राहिला. मासा भोकाशी आला तेव्हा तो मला म्हणाला, "हात घाल." मी घातला हात. त्या पाण्यात! कल्ल्याखाली बोटं अडकवली आणि ट्राउट वर काढली. नेंगने मोजली नाही, नुसता शिट्टी मारत राहिला. सोनेरी पोट, लाल ठिपके. कॅझ हसला, तोंड उघडून. कित्येक महिन्यांनी हसला.

मग बादलीवर बसला. नेंग आपल्या तंबूकडे गेला होता. कॅझ माझ्याकडे न बघता बोलायला लागला, हळू. जसंच्या तसं लिहिते.

"फ्लोरियन, मला हल्ली परतीची वाट सापडत नाही. किनारा समोर दिसतो, पण वर कुठून चढायचं ते कळत नाही. तुझ्या मागनं चालतो म्हणून जमतं."

मी मान हलवली.

"जीनाला बोलू नकोस. तिला वाटतं मला कळत नाही. वाटू दे. मला कळतं हे तिला कळलं तर तिची झोप जाईल. आधीच दमलीय ती फार. बघितलंस तिला? केवढी वाळलीय."

मग म्हणाला, "सांगणार नाहीस ना?"

मी आवाज जाड केला आणि म्हणाले, "नाही."

एवढंच बोलले मी सबंध दिवसात.

तिथून परत येताना मी ठोकत होते आणि रडत होते, आणि त्याला मागून फक्त ठोकणं ऐकू येत होतं, हे बरं झालं. घरी आल्यावर कोट काढला, चेहरा धुतला, मासा तळायला घेतला. तो स्वयंपाकघरात आला आणि मला म्हणाला, "आलीस का गं? दमलीस?" मी म्हणाले, "छे रे, मी कुठे दमते." तो खुर्चीत बसून दोन तुकडे जेवला.

तेव्हा फ्लोरियन, एवढं समजून घे. हे त्याने मला सांगितलेलं नाही. तुला सांगितलंय. मी ते ऐकलेलं नाही, आणि त्याच्यासमोर मला जन्मभर न ऐकल्यासारखंच वागायचं आहे. ते मी करीन. पण त्याने पुढच्या वेळी काही विचारलं, तर उत्तर द्यायला तू हवास. माझ्याजवळ तुझा आवाज एका "नाही"पुरताच होता.

पुढच्या हिवाळ्यात तो मला ओळखेल की नाही सांगता येत नाही. तुला ओळखेल. तुला तर तू नसतानाही ओळखतो.

चार मार्चच्या मंगळवारी पॉन्चकी तळणार आहे, आलुबुखाराचा मुरंबा भरून. ईस्टरआधीचे उपवास सुरू व्हायच्या आत ये. आणि बर्फ असेपर्यंत ये. कोट खुंटीवर टांगलाय, वाळायला. मला तो मोठा होतो.

काल दुपारभर तूच असलेली,
तुझी दमलेली वहिनी
जीना