शेवटचं कडवं

पप्पा, तुमचं गाणं मागायला एक बाई आली होती. म्हणली, सरकारनं पैसे दिलेत, दापोडीतल्या कामगारांची गाणी रेकॉर्ड करून ठेवायची. मी पोरीला कडेवर घट्ट धरून दारातच उभी राहिले. फुकटात कोण कुणाचं काय ठेवतंय? शेजारच्या मावशी ओट्यावरूनच बोलल्या, "आपल्या गल्लीत पाणी सोडायला ह्यांना माणूस मिळत नाही, गाणं न्यायला बरा मिळाला." ती बाई हसली. हसणाऱ्या माणसाची मला जास्त भीती वाटते. ह्यांना फोन केला तर चाकणहून, कंपनीतनंच ओरडले, "कशावर सही करू नको. मागच्या कंपनीनं माझी सही घेतली आन् मग ब्रेक देऊन घरी बसवलं, विसरली का?"

मला ती जयंती आठवते, पप्पा. मी तुमच्या मांडीला टेकून बसलेय. स्टेजवर दुसऱ्याच गायन पार्टीचा माणूस तुमचं गाणं म्हणतोय. चाल तुमची, शब्द तुमचे. शेवटच्या कडव्यात जिथं तुमचं नाव येतं तिथं त्यानं स्वतःचं घातलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तुम्ही पण वाजवल्या. घरी येऊन पेटी कपाटावर टाकली ती परत खाली काढलीच नाही. पुढं आईच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात मी हौसेनं ते गाणं पूर्ण म्हणलं, तर सगळ्यांसमोर झापलंत मला. "शेवटचं कडवं परक्यासमोर म्हणायचं नाही. माझं नाव तेवढं तरी घरात राहू दे." मी रडले तेव्हा तुम्ही बर्फाचा गोळा घेऊन दिला, पण शब्द मागं घेतला नाही.

म्हणून त्या बाईसमोर मी बाकीची कडवी म्हणले आणि थांबले. ती म्हणली, "संपलं, ताई?"

"संपलं."

"ह्या गाण्यांत शेवटी कवीचं नाव असतं ना?"

"ह्यात नाही. पण माझ्या वडलांचंच आहे ते."

तिनं मोबाईल खाली ठेवला. "हेच गाणं आम्हाला दुसऱ्या एका घरातनं मिळालंय, पूर्ण. त्यात नाव वेगळं आहे. तुम्ही काही म्हणलाच नाहीत तर आम्ही तेच लावणार."

मी विचारलं, "कुणाचं घर?" तर म्हणली, "ते सांगता येत नाही, ताई." परवा परत येते म्हणली. तेव्हापासून भांडी घासताना, पोरीला भरवताना माझ्या डोक्यात तेच चाललंय. खरंच तसं घर आहे, का मला बोलतं करायला नुसती पुडी सोडली? म्हणलं तर तुमच्या नावाचं कडवं पण जाईल, जसं मागं गाणं गेलं. आणि नाही म्हणलं तर त्या स्टेजवरच्या माणसाचं नाव सरकारी पक्कं होईल, आणि माझी पोरगी मोठी झाल्यावर आजोबांचं गाणं त्याच्या नावानं ऐकेल. तुम्ही असता तर नुसतं तोंडाकडं बघून तुम्हाला कळलं असतं, बाई कशी आहे ते. मला माणसं कळत नाहीत, पप्पा. मला सगळीच तसली वाटतात.

तुम्हाला विचारावं म्हणून लिहायला बसले, पण हे आता टाकू कुठं? परवा म्हणीन का नाही, माझं मलाच माहीत नाही. आज दुपारी पोरीला झोपवताना म्हणून बघितलं ते कडवं. सगळं आठवतंय. पण तुमच्या नावाशी आले आणि आवाज आपोआप बारीक झाला. दार लावलेलं होतं, घरात आम्ही दोघीच होतो.