शेवटून पुसली तरी

प्रिय जमनी,

हे पत्र सकाळच्या यवतमाळ गाडीच्या कंडक्टरजवळ देतो आहे. देवसिंगकाका दुपारच्या गाडीनं तुझ्या वसतिगृहावर येणार आहे. तो बोलायच्या आधी तू हे वाचावंस. घरी बापू आणि याडी, दोघांची तब्येत बरी आहे. सोमवारी तुझा बीएस्सीचा गणिताचा पेपर आहे, तेही लक्षात आहे.

दिवाळीत तू कापसाच्या प्रेसवर माझा डबा घेऊन आली होतीस. मी कापसाच्या गाठींवर नंबर टाकत होतो. तू माझाच खडू घेऊन पत्र्याच्या दारावर ७३९३९१३३ लिहिलंस. म्हणालीस, ही मूळ संख्या आहे, एक आणि ही स्वतः सोडली तर हिला कशानंच पूर्ण भाग जात नाही. मग तळहातानं शेवटचा तीन पुसलास. उरली तीही मूळ. पुन्हा शेवटचा आकडा पुसलास, तरीही मूळ. असं करत दारावर एकटा सात राहिला, आणि तोही मूळ! हमाल काम सोडून बघत होते. देवसिंगकाका म्हणाला, "काहून पुसून राह्यली वं? पुसाचंच होतं तं लिहिलं कायले?" तू खूप हसलीस. मला मात्र ते दार अजून दिसतं.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. कुलूप लावून दोनदा ओढून पाहणारा मी. शाळा नववीत सुटली, पण भागाकार येतो. तू गेल्यावर गाठींच्या आडोशाला फरशीवर मांडत बसलो. ७३९ सहज झाली. ७३९३ ला तेविसानं भागलं आणि बाकी शून्य! तू हेच पेपरात लिहिलंस तर? पुन्हा मांडलं. तेवीस गुणिले तीनशे एकवीस करताना बेरजेत मी नसलेला हातचा धरला होता. बाकी दहा उरते. त्या दहाला पाहून जिवात जीव आला. त्र्याऐंशीपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या लावून पाहिल्या. त्यापुढच्या मूळ संख्येचा वर्गच ७३९३ हून मोठा होतो, म्हणून तिथं थांबायचं, हेही तूच शिकवलेलं. मग ७३९३९ केली. पूर्ण आठ आकड्यांची माझ्या हातून होणार नाही. तू म्हणालीस, हिच्या शेवटी आणखी कोणताही आकडा लिहिला तर ती मूळ राहत नाही. ते मी मानून घेतलं. एवढी लांबलचक संख्या आणि कुठंच भेग नाही, आणि आपल्या तांड्यातल्या पोरीला ती तोंडपाठ!

आता खरं लिहितो. यंदा कापूस कमी आला. प्रेसवर माणसं कमी करताना सगळ्यांत शेवटी लागलेला आधी जातो. शेवटचा मी होतो. काका तुला घरी चल म्हणेल, मायेनंच म्हणेल. तू येऊ नकोस. कळंबला देवळाजवळच्या पेंटरकडे पाट्या लिहायला मी परवापासून जातो आहे. माझं शुद्धलेखन त्याला आवडलं. शेवटचा आकडा पुसला म्हणून उरलेली संख्या मोडत नाही. पाच आकड्यांपर्यंत मी स्वतः तपासलं आहे, पुढचं तू तपासायचं आहेस. सोमवारी पेपर दे, आणि हातचे तेवढे दोनदा बघ.

तुझाच भाऊ,
भावसिंग