माशासाठी आणलेलं घरचं पाणी

माय,

भावाचे पाय सुजले आहेत. तुझे सुजले होते तसेच. बोटानं दाबलं की खळगा तसाच राहतो. कित्येक महिने मी त्याला तपासणीसाठी अमरावतीला बोलावत होते आणि तो म्हणायचा, "तपासलं का निंगतेच काई ना काई." मी राजापेठेतल्या घरात बसून उंटावरून शेळ्या हाकायची. विहिरीचं पाणी पिऊ नकोस, घरात फिल्टर बसव, असं फोनवर बजावायची. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. खारपाणपट्ट्यातल्या आपल्या गावात तो अजून आपल्याच विहिरीचं पाणी पितो, आणि तुझ्यासारखाच हळूहळू चालला आहे, अशी मला भीती वाटते.

त्या पाण्यात तूरडाळ शिजायची नाही. तू चुलीपुढे बसून डाळीलाच शिव्या घालायचीस आणि पाहुण्यांना वर सांगायचीस, "आमच्या इथं भाजीत अर्धं मीठ इहीरच टाकते." कॉलेजच्या पहिल्या सुट्टीत मी घरी येते, तांब्या तोंडाला लावते आणि पहिलाच घोट अंगणात थुंकते. तू भाकरी थापता थापता थांबतेस. "शहराचं पाणी पेली अन् घरचं खारं झालं काय तुले? याच पाण्यावर वाढली तू." मी मुकाट्यानं तांब्या संपवते. पुढे तू अकोल्याच्या दवाखान्यात होतीस तेव्हा नळाचं पाणी तुझ्या घशाखाली उतरेना. भाऊ एसटीनं घरून पाण्याची कॅन आणायचा. डॉक्टरांनी अगदी थोडं पाणी द्यायला सांगितलं होतं, म्हणून तो कापसाचा बोळा भिजवून तुझ्या ओठांना लावायचा आणि शेजारच्या खाटेवरच्यांना अभिमानानं सांगायचा, "माह्या मायले घरचंच पाणी लागते." तुझ्या किडन्या त्या पाण्यानंच गेल्या, असं डॉक्टर छातीठोकपणे म्हणाले नाहीत. पण आपल्या आळीत असेच पाय सुजून किती माणसं गेली, ते तूही पाहिलं होतंस. भावासमोर हा विषय कोणी काढला नाही. तुझ्यासाठी रोज पाणी शेंदणारा तोच होता ना.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मला घर खायला उठलं, म्हणून मी समुद्रातला मासा पाळला. हसू नकोस. आपल्या घराण्यात समुद्र कोणी पाहिलेला नाही, हे मलाही ठाऊक आहे. बोटाएवढा मासा, पुढून जांभळा आणि मागून हळदीसारखा पिवळा. काचेच्या पेटीत दगडाच्या कपारीत दडून बसायचा, खायला टाकलं की तेवढा बाहेर यायचा. एकदा भेटायला आला तेव्हा भावानं बघताक्षणी त्याचं नाव नवरदेव ठेवलं, हळद लागली आहे म्हणून. फोनवर आधी नवरदेवाची चौकशी, मग माझी. त्याच्यासाठी मी नळाच्या पाण्यातले सगळे क्षार फिल्टरनं काढायची आणि मग त्यात समुद्राचं मीठ तोलून मिसळायची. ते पाहून भाऊ पोट धरून हसला होता. "पयले खार काढून राहिली, मंग इकतचा खार टाकून राहिली! शिकलेल्या मानसाचं डोकं. अवं, खारं पाणी तं आपल्या इहिरीत पडलं आहे." समुद्राचा खार वेगळा, आपला वेगळा, हे मी त्याला परोपरीनं सांगितलं. त्यानं मान डोलावली, पण मनातून त्याला ते पटलं नव्हतं.

या उन्हाळ्यात तो एकदाचा तपासणीला तयार झाला. बडनेरा स्टेशनवर उतरून, त्या सुजलेल्या पायांनी, पाण्यानं भरलेली कॅन उचलून आला. "नवरदेवासाठी आणलं. घरचं आहे." मी कॅन स्वयंपाकघरात ठेवून घेतली, त्याला चहा दिला आणि भाजी आणायला गेले. परत आले तर तो पेटीसमोर जमिनीवर बसलेला. पेटीतलं बरंचसं पाणी काढून त्यानं मोरीत ओतलं होतं आणि आपलं घातलं होतं. मासा वाळूवर आडवा पडून धापा टाकत होता. मी घाईघाईनं मिठाचं पाणी कालवलं, जमेल ते सगळं केलं. दिवेलागणीपर्यंत मासा गेला. जांभळा रंग पार उतरून राखेसारखा झाला होता.

भावानं लहान पोरासारखं विचारलं, "माह्यानं झालं काय, बाई? आपल्या पाण्यानं मेला काय?"

इतके महिने मी ज्या संधीची वाट पाहत होते ती समोर येऊन बसली होती. हो, एवढंच म्हणायचं होतं. पुढचं त्यानं स्वतःच जोडलं असतं. विहिरीचं पाणी कदाचित त्याच दिवशी सोडलं असतं. पण तो तिथेच थांबला नसता. तो तुझ्यापर्यंत आला असता, तुला आपणच शेंदून पाजलेल्या पाण्यापर्यंत, आणि या वयात त्याला ते पेललं नसतं. मी म्हटलं, "नाही रे. दुपारी लाईट गेली होती ना, उकाड्यानं गेला."

"असं व्हय," तो म्हणाला. त्याचे खांदे सैल झाले. कॅनच्या तळाशी थोडं पाणी उरलं होतं. "मंग हे काहून फेकतं," म्हणत त्यानं ते तांब्यात ओतलं आणि उभ्यानंच पिऊन टाकलं. सकाळी तपासणीला न जाताच तो पहिल्या गाडीनं गावी गेला. नवरदेव गेला त्या घरात मन लागत नाही म्हणाला.

तू जिवंत असतीस तरी हे पत्र मला टाकता आलं नसतं. तुला वाचता येत नव्हतं, माझी पत्रं तुला भाऊच वाचून दाखवायचा. म्हणून तुला एकटीलाच सांगते. तो पाणी पीत होता तेव्हा मी त्याचा हात धरला नाही. मी समोरच उभी होते, आणि त्यानं पुढे काही विचारलं नाही म्हणून मला हायसं वाटलं.