शेठाणीच्या गाडीचा ऑइल कूलर

लिंबायत, सुरत
वैशाख, भर उन्हाळा

तीर्थरूप विठ्ठलमामांच्या पायांवर योगराजचं डोकं.

इकडे सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. तुमचे गुडघे कसे आहेत? मामींनी पाठवलेले बिबडे पोचले (निम्मे शेजाऱ्यांनीच खाल्ले). उज्ज्वलेची तब्येत उत्तम आहे, फक्त ती कालपासून माझ्याशी बोलत नाही. त्याचंच हे पत्र.

कडोदऱ्याचा आमचा लूमचा कारखाना बंद पडला आणि मी फिटर घरी बसलो, हे तुम्हाला कळलंच असेल. तेवढ्यात कंचनबेन शेठाणींचं बोलावणं आलं. त्यांचे शेठ प्लेगच्या साली वारले (प्लेगनं नाही, हृदयानं, पण लोकांना पटत नाही). त्यांच्यामागे एक जर्मन गाडी राहिली. जुनी, बुटकी, दोन दारांची, शर्यतीत पळायच्या जातीची. इंजिन मागे, आणि अंगात पाण्याचा थेंब नाही! रेडिएटरच नाही हो, सगळा कारभार हवेवर आणि तेलावर. (तुम्ही आगारात जन्मभर एसटीला पाणी पाजलंत, तुम्हाला हे पापच वाटेल.) जर्मनीत ठीक आहे, पण सुरतेच्या उन्हाळ्यात तिचं तेल भज्यांच्या कढईसारखं तापायचं. शेठाणी म्हणाल्या, गाडी न तापता डुमसच्या समुद्रावर जाऊन आली, तर बंगल्यामागची पत्र्याची शेड तुझी, घाल तिथं गॅरेज. मामा, स्वतःचं गॅरेज! मी हो म्हणून मोकळा झालो.

आधी गाडीचं दुखणं बघायला एक चक्कर मारली. शेठाणींनी माझ्या शेजारचं दार उघडलं, जरा थांबल्या, मग ते हलकेच लावलं. आणि स्वतः माझ्या बाजूनं वाकून मागच्या चिमुकल्या सीटवर जाऊन बसल्या, गुडघे हनुवटीला लावून. पुढची सीट रिकामी. मी काही विचारलं नाही (शेड मिळणार असली की माणूस बरंच काही विचारत नाही). पण दार लावलं तेव्हा सीटची स्प्रिंग करकरली आणि गाडी डावीकडे किंचित खचली. लूम बसवणाऱ्याची नजर आहे मामा, लेव्हल चुकत नाही. अठवा लाइन्स ओलांडली आणि तेलाच्या तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला. मागून शेठाणी म्हणाल्या, "एमने गरमी सहन नथी थती." 'त्यांना' म्हणजे कुणाला, तेही मी विचारलं नाही.

मग मुंबईहून जादा ऑइल कूलर मागवला. ही एक जाळीदार पेटी, पुढच्या मडगार्डच्या आत बसते. इंजिन मागे, पेटी पुढे. म्हणजे दाराखालून दोन पाइप टाकून तापलेलं तेल पुढे आणायचं आणि निवलं की परत मागे धाडायचं. शेडमध्ये मी एकटाच गाडीखाली पडून काम करायचो. दुपारी सगळी सुरत जेवून झोपलेली, चिटपाखरू नाही. पाना हवा असला की मी नुसता हात बाहेर काढायचो आणि पाना हातात यायचा. मला वाटलं, शेठाणींनी मदतीला नोकर ठेवलाय, भला माणूस आहे, बोलत मात्र नाही. जाताना त्याला बिडी द्यावी म्हणून शेठाणींकडे चौकशी केली. नोकर नव्हता.

घाबरलो? अहो, दातखीळ बसली! पण गॅरेज डोळ्यांपुढे होतं. आणि खरं सांगू, पाना दर वेळी बरोबर नंबरचा यायचा.

काल भर दुपारी डुमसला गेलो. तीच रीत: दार उघडलं, थांबल्या, दार लावलं. काटा निम्म्यावर चढला, तिथं घुटमळला आणि चक्क खाली आला. बाहेर लू, काचा बंद, आणि माझा डावा हात गारठलेला. परत आल्यावर शेठाणी "हवे बराबर छे" म्हणाल्या (म्हणजे आता ठीक आहे), पण माझ्याकडे बघून नाही. शेडची किल्ली मात्र माझ्या हातात दिली. मी कूलरला हात लावला तर माठासारखा गार. छाती काढून म्हटलं, बघा माझं काम!

घरी येऊन उज्ज्वलेला सगळं सांगितलं, पान्यासकट, आणि तिथंच फसलो. "तुमनं डोकं फिरनं का?" म्हणाली. किल्ली तिनं देव्हाऱ्यात अंगाऱ्याखाली ठेवलीय. शेठाणींना किल्ली परत करायची, नाहीतर ती माहेरी निघाली. मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक (शक्यतो),
योगराज

ता. क. – काळजी नसावी. उज्ज्वला मुळातच भित्री आहे.

ता. क. दुसरा – तापलेलं तेल ज्यातून जातं तो कूलर गार कसा, हे तुम्ही वाचतानाच ओळखलं असेल. माझ्या डोक्यात ते आज सकाळी आलं. बंगल्यावर जाऊन पाइप सोडवले. लूमखात्यात रुई उडते, म्हणून उघडं भोक दिसलं की आधी चिंधी कोंबायची, ही आम्हा लोकांची सवय. दोन्ही पाइपांच्या तोंडात माझ्याच हातच्या चिंध्या, गच्च. पलीकडे कूलर कोरडा ठणठणीत. तेलाचा थेंब तिथवर पोचलाच नव्हता. चिंध्या मी होत्या तशा ठेवल्या. काढल्या, कूलर चालू झाला, आणि इतके दिवस जे राबताहेत ते रुसले तर?

ता. क. तिसरा, आणि महत्त्वाचा – उज्ज्वला तुमचा शब्द मोडत नाही. तिच्या नावानं एक पोस्टकार्ड टाका, की हवेच्या इंजिनात असं होतंच, मी आगारात पुष्कळदा पाहिलंय. खोटं असलं तरी चालेल. पण मामा, खरंच असं होत असेल, तर तिचं राहू द्या, आधी मला कळवा.