गिऱ्हाईक नसलेला जांभळा

३ मार्च
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काम अडलं म्हणून आठवण झाली, असं म्हणशील, म्हण. आमच्या प्रयोगशाळेसाठी मी प्रोग्रॅम लिहितोय, त्यात प्रथिनांच्या माळा पडद्यावर एकीखाली एक मांडतात. मणी, म्हणजे अमिनो आम्लं, वीस प्रकारचे, प्रत्येकाला वेगळा रंग. माझे रंग एकमेकांत मिसळतात म्हणून आमच्या प्रमुख बाई माझ्यावर रोज तोंडसुख घेतात. तुझ्या दुकानात दोऱ्यांच्या शेकडो छटा. कुठल्याही दिव्याखाली ओळखू येतील अशा वीस निवडून पाठव.

भाचीला पापा. माया आटू देऊ नकोस, एवढंच मागणं.
तुझा धाकटा

१४ मार्च
चि. धाकट्यास,
अ. आ.

एका पायात हिरवा नि दुसऱ्यात निळा मोजा घालून शाळेत जाणाऱ्याला रंगांचं काम दिलं कुणी? पुठ्ठ्यावर वीस दोरे गुंडाळून पाठवलेत. शेवटचा जांभळा फार भडक, त्याला गिऱ्हाईकच नाही. पण तो कशात मिसळत नाही.

छोटी अजून जिन्यात मध्येच थकून बसते. डॉक्टरांनी तिचं रक्त तुमच्याच प्रयोगशाळेत पाठवलंय. तू स्वतः बघ आणि दिसेल ते आधी मला कळव.

जेवणाची हेळसांड करू नकोस, आणि आमच्यावर जीव असू दे.
ताई

२ मे
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

छोटीची माळ आज पडद्यावर आली. वर-खाली त्याच प्रथिनाच्या दोनशे माळा, माशापासून माणसापर्यंतच्या. एका जागी सगळ्यांचा मणी पिवळा, एकट्या छोटीचा जांभळा, तू दिलास तोच. मला दारातूनच दिसला.

त्या एका मण्यानेच तिचे स्नायू दुबळे होताहेत आणि पुढे छातीचेही होतील, श्वास घेणं जड जाईल, असं डॉक्टर म्हणाले. आज त्यावर औषध नाही. दिवसभर ते चित्र मी मोठं केलं, लहान केलं. माझा प्रोग्रॅम दाखवतो, ताई. दुरुस्त काहीच करत नाही. मला रडू आवरत नाहीये.

रागावलीस तरी पत्र टाक.
धाकटा

११ मे
चि. धाकट्यास,
अ. आ.

तुझ्यावर कसला राग? पहिल्या दिवशी मात्र वाटलं, पडद्यावर तो मणी पिवळा करून टाक म्हणून तुला कळवावं. वेड्यासारखं. रंग बदलू नकोस. दुसऱ्या कुणाच्या लेकराचाही दारातूनच दिसू दे.

मी पुठ्ठा बांधत होते तेव्हा छोटी शेजारीच होती. आता त्याच जांभळ्या रंगाच्या लोकरीचा स्वेटर हवा म्हणून हटून बसलीय. मला तो रंग डोळ्यांसमोर नको, पण तिला काय सांगू? पाठ विणून झाली, बाह्यांशी हात अडलाय. दर वर्षी मी त्या दोन बोटं वाढत्या विणते, म्हणजे पुढच्या थंडीलाही स्वेटर पुरतो.

यंदाही तशाच विणू ना रे? तेवढं कळव.
तुझीच ताई